नावाची ओळ

“तुम्ही सोडलंत कसं, वस्ताद?”

सिद्राम वस्तादांनी ज्वारीच्या ताटाला बुडाशी हात घातला, मनगट जरा फिरवलं, ताट मुळासकट वर आलं. मुळाची माती त्यांनी नडगीवर आपटून झाडली आणि ताट बाजूला निजवलं.

मग पुढचं ताट धरलं.

शाहीर जयवंत खरमाटे बांधावर उभा होता. त्याला वाटलं, म्हातारा कानानं गेला. त्यानं पुन्हा विचारलं, या खेपेला मंचावरच्या आवाजात.

“तुम्ही सोडलंत कसं? फड, डफ, नाव... सगळं?”

“ऐकू येतंय रं,” वस्ताद म्हणाले. “ओरडतोस कशाला. पाखरं उठत्यात.”

पाखरं उठलीच होती. रानाच्या कडेच्या बाभळीवर एक डफ टांगलेला होता. जयवंतनं तो ओळखला. याच डफावर थाप पडली की एके काळी तीन जिल्ह्यांतली माणसं भाकरी तव्यावर टाकून धावत यायची. आता दाणा भरू लागला की वस्ताद त्याच डफानं रानातली पाखरं हाकलत असत. आवाज तोच होता. जमायचं का उठायचं, हे ऐकणाऱ्यावर होतं.

माघ सरत आला होता. मंगळवेढ्याच्या बाजूचं काळं रान सकाळच्या दवानं अजून मऊ होतं. दव आहे तोवर ज्वारी उपटून घ्यायची, ऊन चढलं की पाती हात कापतात. म्हणून रानात पाच बायका आणि वस्ताद दिवस उगवायच्या आधीपासून वाकलेले होते. सावडीचं काम होतं. आज वस्तादांच्या रानात सगळ्यांनी यायचं, उद्या पारूकाकूच्या. प्रत्येकाची एकेक पात, म्हणजे चार ओळींचा पट्टा, बांधापासून बांधापर्यंत.

जयवंतची मोटार पल्याड सडकेवर उभी होती. काळ्या रानात तिला येता येईना.

“परवा पुण्यात निरोपाचा कार्यक्रम आहे,” जयवंत म्हणाला. “शेवटचा. त्यानंतर मी फड मोडणार. गावाकडं येऊन राहणार, तुमच्यासारखा. तुमचा आशीर्वाद घ्यायला आलोय.”

“शेवटचा?”

“शेवटचा.”

“एकच?”

जयवंतनं घसा खाकरला. “गर्दी फार झाली, म्हणून दोन वाढवले. नाशिकला एक, कोल्हापूरला एक.”

“म्हंजे तीनदा जाणार तू.”

पलीकडच्या पातीवर कुणीतरी खुदकन हसलं. बायका वाकलेल्या होत्या, कोण हसलं ते कळलं नाही.

“राहणार कुठं?”

“आमच्या गावच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जागा घेतलीय. छोटंसं घर बांधलं. साधंच. अंगणात तुळस, मागं गोठा.”

“पाटी लावलीस?”

जयवंत सडकेवरच्या मोटारीकडं बघू लागला.

“लावलीस का?”

“लावली.”

“काय नाव दिलंस घराला?”

“‘अनाम’.”

वस्तादांचा हात ताटावरच थांबला. “नुसतंच?”

“...खाली बारीक अक्षरांत शाहीर जयवंत खरमाटे. पोस्टमनला कळायला नको का?”

“नको कसं,” वस्ताद म्हणाले आणि ताट उपटलं.

जयवंतला राग यायला हवा होता. तसा तो लवकर रागवायचा. मागं साथ धरणारे झीलकरी अर्धा ठेका चुकले तरी मंचावरूनच डोळे वटारायचा. पण आज त्याला राग आला नाही. तो पुण्याहून मोटारीनं सहा तास आला होता, आणि आशीर्वाद हे निमित्त होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

“वस्ताद, खरं सांगू का?”

“सांग की. खोटं सांगायला इतक्या लांब कशाला आलास.”

“माझा आवाज जातोय.”

वस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली.

“सगळीकडं नाही,” जयवंत घाईनं म्हणाला. “फक्त एका कवनात. तेच, ‘नाव सोडलं वेशीपाशी’. त्याच्यावरच तर मी मोठा झालो. लग्नात वाजतं, रिक्षात वाजतं. बारा वर्षं झाली, त्याच्याशिवाय लोक मला मंचावरून खाली उतरू देत नाहीत. आणि आता दिवाळीपासून... शेवटच्या कडव्यापर्यंत आलो की गळा धरतो. कुणीतरी आतून दोरी ओढावी तसा. डॉक्टर म्हणतात, गळ्याला काही नाही. झीलकऱ्यांना सांगून ठेवलंय, मी थांबलो की तुम्ही उचला. लोकांना वाटतं, शाहीर भरून आले. टाळ्या पडतात.”

“मग बरं आहे की.”

“परवा नाही चालणार, वस्ताद. परवा निरोपाला तेच कडवं आहे. आणि खरं तर... माझं मलाच नाही चालत.”

हे शेवटचं वाक्य तो हळू बोलला. मंचावर इतक्या हळू बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं ते जरा फाटकंच निघालं.

“गा,” वस्ताद म्हणाले.

“इथं?”

“इथं काय वाईट?”

जयवंत बांधावर ताठ उभा राहिला. डावा हात कानाला, उजवा पुढं. डोळे मिटले.

*नाव सोडलं वेशीपाशी, जसा पायीचा जोडा,*
*अनवाणी मी घरी निघालो, वाट जराशी सोडा.*

गळा अजून सोन्यासारखा होता. रानावरून तो गेला आणि पल्याडच्या टेकाडाला लागून परत आला. बायका काम करत राहिल्या.

*चुलीम्होरं बसू द्या मला, नका विचारू गाव,*
*भाकर द्यावी हातावरती, नका विचारू नाव.*

मग शेवटचं कडवं. शाहिरी कवनाची रीत जुनी आहे. शेवटच्या कडव्यात शाहिरानं आपलं नाव गुंफायचं, म्हणजे कवन कुणाचं ते पुढच्या पिढीला कळतं. नावाच्या ओळीशिवाय कवन म्हणजे सहीशिवायचा कागद. हे जयवंतला वस्तादांनीच शिकवलेलं होतं.

*शाहीर ज...*

गळा धरला.

त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. *शाहीर...* पुन्हा तेच. त्यानं डोळे उघडले. कपाळावर घाम होता आणि ऊन तर अजून चढलं नव्हतं.

“बघितलंत?”

वस्तादांनी हातातलं ताट बाजूला निजवलं. त्यांनी आपल्या पातीच्या शेजारची, रिकामी राहिलेली पात बोटानं दाखवली.

“ही पात धर.”

“काय?”

“एक माणूस कमी हाय. धर.”

“वस्ताद, मी काय विचारायला आलो आणि तुम्ही...”

“जोडा काढून ठेव. ढेकळांत करकरतोय मगाधरनं.”

जोडा कोल्हापुरी होता, पट्ट्यावर जरीची फुलं. सांगलीच्या रसिकांनी सत्कारात दिलेला. जयवंतनं तो काढला आणि जोडीनं बांधावर ठेवला, तोंडं सडकेकडं करून. मग धोतराचा काचा मारला आणि रानात उतरला.

पहिलं ताट त्यानं मध्यावर धरून ओढलं. ते काडकन मोडलं.

दुसरंही मोडलं.

“अहो पाव्हणं,” पारूकाकू चार पाती ओलांडून म्हणाली. ती वस्तादांच्या शेजारच्या वस्तीवरची, जिभेला हाड नसलेली. “आज्जाचं रान हाय, त्याला टक्कल कशाला पाडताय? मोडू नका. बुडाशी धरा.”

“मोडलं तर काय झालं? कणीस तर आलं हातात.”

“कणीस आलं, धसकट ऱ्हायलं. उद्या अनवाणी बाईमाणूस जाईल इथनं. पायात शिरल्यावर तुम्ही काढायला येणार हाय का?”

जयवंतनं बाह्या वर सारल्या. तो खाली वाकला, बोटं मातीपर्यंत नेली, बुडाशी धरलं, मनगट फिरवलं. ताट वर आलं. त्याला उगीचच बरं वाटलं. मुळाची माती त्यानं नडगीवर आपटली. सगळी धोतरावर पडली.

बायका हसल्या. वस्ताद हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली.

दहा-बारा हात पात पुढं सरकली असेल नसेल, जयवंतच्या तळव्यांना फोड आले. बाकीच्यांच्या पाती कुठच्या कुठं गेल्या होत्या. त्याच्या उजव्या हाताच्या पातीवर एक अगदी तरुण सून होती. हिरवा चुडा अजून नवा, हातावरची मेंदी नखांपुरती उरलेली. ती आपली पात ओढता ओढता, काही न बोलता, मधूनच त्याच्या पातीतली दोन ताटंही उपटत होती. असं तिनं चार-पाचदा केलं. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“माझी नातसून,” वस्ताद म्हणाले. “सुलोचना. मार्गशीर्षात लग्न झालं.”

सुलोचनेनं पदर सारखा केला आणि आणखी दोन ताटं उपटली.

मग पारूकाकूनं भलरी धरली. कापणीत, काढणीत एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, हात आणि गळा एका ठेक्यात चालतात, वेळ कळत नाही. जयवंतला हे माहीत होतं. त्यानं अशा भलऱ्यांवरून चार चाली मंचासाठी उचलल्याही होत्या.

पण ती भलरी नव्हती. म्हणजे चाल भलरीची होती, शब्द मात्र...

*नाव सोडलं वेशीपाशी, जसा पायीचा जोडा...*

जयवंतच्या हातातलं ताट हातातच राहिलं. छाती भरून आली. त्यानं वस्तादांकडं पाहिलं, ऐकताय ना, अशा नजरेनं. या आडरानात, जिथं मोटारसुद्धा येत नाही तिथं. बायकांनी चाल थोडी मोडली होती, ‘निघालो’चं ‘निघाले’ केलं होतं, पण चालायचंच. तो मोठ्या मनानं मान डोलावू लागला.

शेवटचं कडवं आलं. त्यानं तोंड थोडं खाली घातलं. स्वतःचं नाव कुणी गाताना कुठं बघावं, हे त्याला बारा वर्षांत कधी कळलं नव्हतं.

पारूकाकूनं गायलं,

*लेक कोंडा म्हणे आता, उन्हानं लागे धाप,*
*आईवाणी हाक मारा, येईन आपोआप.*

बाकीच्यांनी ते उचललं. मग पुढचीनं तेच कडवं पुन्हा घेतलं, *लेक तानी म्हणे आता.* मग तिसरीनं, *लेक बिजा म्हणे आता.*

“थांबा,” जयवंत म्हणाला.

कुणी थांबलं नाही. ठेका चालू होता.

“थांबा म्हणतो ना. चुकतंय तुमचं.”

आता हात थांबले. पाच बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“तिथं नाव आहे,” जयवंत म्हणाला. “‘शाहीर जयवंत म्हणे आता, पुरे डफाची थाप.’ असं आहे ते. धापबीप नाही.”

“हितं डफ कुठाय?” पारूकाकू म्हणाली. “धाप मातुर लागतीया.”

“डफ असो नसो. कवन तसं आहे. ते कवन त्या शाहिराचं आहे.”

“कोण शाहीर?”

जयवंतनं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद मुळाची माती झाडत होते, फार लक्ष देऊन.

“आहेत एक,” जयवंत म्हणाला.

“असतील,” पारूकाकू म्हणाली. “सूनबाईनं आणलंय हे गाणं माहेराहून. तिला इचारा. सुलोचने, सांग गं पाव्हण्यांला.”

सुलोचना मान खाली घालून म्हणाली, “आमच्या आईचं गाणं हाय.”

“आईला कुणी शिकवलं?”

“ती लोणी काढताना म्हणायची.” तिनं जरा विचार केला. “तुम्हीबी कुणाकडनं तरी शिकला असाल की.”

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. लाखभर माणसांपुढं उभा राहिलेला गडी ज्वारीच्या चार ओळींत उभा होता, आणि माझंच आहे ते, हे शब्द त्याच्या तोंडातून बाहेर येत नव्हते. का कुणास ठाऊक, ते त्याला इथं बारीक वाटत होते. पाटीवरच्या अक्षरांसारखे.

“बरं,” तो म्हणाला. “पण ही नावं कुणाची? कोंडा, तानी... ह्या बाईंना तर तुम्ही पारू म्हणता.”

“पारू सासरचं,” पारूकाकू म्हणाली. “कोंडा माहेरचं.”

“आमच्या माहेरी रीतच हाय,” सुलोचना म्हणाली. आता ती थोडी वर बघत होती. “लग्नात नाव बदलत्यात ना. मग सासरी माहेरच्या नावानं कोण हाक मारतंय? तर त्या कडव्यात आपलं आपलं पयलं नाव घालायचं. पात संपायच्या आत एकदा. नाव चालतं ऱ्हातं.”

जयवंत तिच्याकडं बघत राहिला.

“आणि तुझं?”

“तिची पाळी आली की तोंड मिटून घेती,” पारूकाकू म्हणाली. “आम्हाला गाणं शिकवलं आन् आपलं नाव न्हाई सांगत. दोन महिने इचारतोय.”

सुलोचनेनं पायानं एक ढेकूळ फोडलं. तिची नजर क्षणभर वस्तादांकडं गेली आणि परत मातीत आली.

वस्ताद सावकाश उभे राहिले. कंबर धरली.

“माझ्याम्होरं कसं सांगेल?” ते म्हणाले.

पारूकाकूनं कमरेवरचा हात काढला.

“लग्नात ताटात तांदूळ पसरले. नवरदेव अंगठी धरून बसला, नाव काय लिहू म्हणून. घरात कुणाला काय सुचंना. मी म्हातारा, शाहीर माणूस... म्हणालो, सुलोचना लिव्हा. ठेक्यात बसतंय.” त्यांनी हातातलं ताट उगीच उलटंपालटं केलं. “पोरीचं आधीचं नाव काय, ते कुणी इचारलंच न्हाई. मीबी न्हाई.”

वाऱ्यानं उभ्या ज्वारीत सळसळ झाली आणि थांबली.

“जैवंता.”

“जी.”

“तुझं नाव कुणी ठेवलं?”

“तुम्हीच, वस्ताद. करमाळ्याच्या जत्रेत. सोळा वर्षांचा होतो.”

“का ठेवलं?”

“आधीचं नाव कागदावर शोभत नव्हतं. तुम्ही म्हणालात, जाहिरातीवर असं नाव लागलं तर लोक कुस्ती समजून येतील.”

“म्हणालो खरा.” वस्तादांनी डोळ्यांवर हात धरून सूर्य किती वर आला ते पाहिलं. “मला ठेक्यात बसणाऱ्या नावांचा फार नाद.”

ते पुन्हा वाकले. बायकाही वाकल्या. काम सुरू झालं. गाणं मात्र कुणी धरलं नाही.

बराच वेळ नुसता ताटं उपटल्याचा आवाज येत राहिला. जयवंतच्या तळव्यातला एक फोड फुटला. बुडाशी धरायचं, मनगट फिरवायचं. बुडाशी धरायचं... त्याला आई आठवली. तिची आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. तिसरा जगावा म्हणून तिनं त्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडधोंड्याकडं कुणाची नजर जात नाही. यमाचीही जाऊ नये. दारात उभी राहून ती हाक मारायची, तेव्हा पार ओढ्यापर्यंत ऐकू यायचं. फडाबरोबर गाव सोडलं तेव्हा तिनं विचारलं होतं, तिकडं तुला कुणी हाक कशी मारणार? त्याला तेव्हा हसू आलं होतं.

*आईवाणी हाक मारा, येईन आपोआप.*

बारा वर्षं तो ही ओळ गात होता. आणि तिच्या वरच्याच ओळीत, आईनं ज्या नावानं कधी हाक मारली नाही ते नाव.

उजवीकडून आवाज आला. इतका बारीक, की आधी त्याला भास वाटला. सुलोचना मान न उचलता गात होती. पहिलं कडवं, दुसरं कडवं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि हलकेच ओळी उचलल्या. शेवटच्या कडव्यापाशी ती अडली.

ताट उपटलं. माती झाडली.

*लेक हौसा म्हणे आता, उन्हानं लागे धाप...*

ठेका चुकला नाही. पारूकाकूनं नुसतं “हौसा,” असं स्वतःशीच म्हणून पाहिलं, नव्या भांड्यावर टिचकी मारून पाहावी तसं. वस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्या पातीत एक ताट दोनदा धरावं लागलं.

कडवं संपलं. ठेका चालूच होता. आता पुढच्या पातीची पाळी, आणि पुढच्या पातीवर जयवंत होता.

बायका वाट बघत होत्या. त्यात मोठं काही नव्हतं. पातीवर जो असेल त्यानं घ्यायचं, एवढंच.

त्यानं कानाला हात लावला नाही. हात मोकळाच नव्हता. डोळेही मिटले नाहीत; मिटले तर ताट मोडलं असतं.

*ल्योक धोंडू म्हणे आता...*

गळ्यानं धरलं नाही.

आवाज निघाला तो सोन्यासारखा वगैरे नव्हता. जाडाभरडा होता, जरा बेसूरही. टेकाडापर्यंतसुद्धा गेला नाही. शेजारच्या पातीपर्यंत गेला आणि तिथल्या बाईनं तो उचलला.

*उन्हानं लागे धाप,*
*आईवाणी हाक मारा, येईन आपोआप.*

टाळी पडली नाही. सगळ्यांचे हात कामात होते.

“गळा बरा हाय पाव्हण्यांचा,” पारूकाकू म्हणाली. “पात मातुर मागं ऱ्हायली.”

ऊन चढायच्या आत ज्वारी निजली. जयवंतची पात सगळ्यात शेवटी संपली, आणि तीही निम्मी हौसानं ओढली होती. बायका बाभळीखाली बसल्या, फडकी सुटली. जयवंत मात्र सावलीला आला नाही. तो मागं बांधापाशी गेला, उकिडवा बसला आणि सकाळी मोडलेल्या ताटांची धसकटं एकेक करून बोटांनी उकरून काढू लागला. पाच लगेच सापडली. सहावं सापडायला वेळ लागला.

“पाव्हणं, हात म्होरं करा,” पारूकाकू म्हणाली.

त्यानं मातीचेच हात पुढं केले. तिनं त्यावर भाकरी ठेवली, वर चटणीचा गोळा. तुम्ही कोण, कुठले, हे तिनं अजून विचारलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं असेल, किंवा तिला धोंडू एवढं पुरलं असेल. जयवंत त्या भाकरीकडं इतका वेळ बघत राहिला की तिला वाटलं, पाव्हण्यांना चटणी तिखट लागत असावी.

तेवढ्यात सडकेवरून मोटारीचा भोंगा वाजला. एकदा, मग दोनदा.

जयवंतनं उरलेली भाकरी संपवली आणि वस्तादांपाशी आला. वाकून पायांना हात लावला. फुटलेल्या फोडाची माती वस्तादांच्या पायांच्या मातीला लागली.

“परवा...” तो म्हणाला. “परवा मंचावर कुणाचं नाव घेऊ, वस्ताद?”

वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काढला नाही लवकर.



जयवंत थोडा वेळ थांबला. मग उठला, बायकांकडं बघून हात जोडले आणि सडकेकडं चालू लागला. उपटलेल्या रानातून, सरळ. रान मोकळं होतं, धसकट नव्हतं, ढेकळं तेवढी पायाखाली फुटत होती. तो खाली न बघता चालत होता. मध्येच त्याच्या ओठांतून काहीतरी गुणगुणल्यासारखं आलं. शब्द ऐकू आले नाहीत.

भाकरीचं फडकं झटकायला सुलोचना बांधाकडं गेली, तेव्हा तिला ते दिसलं. जोडीनं ठेवलेलं, सडकेकडं तोंड करून. एका पट्ट्यावरच्या जरीच्या फुलावर मुंगळा चढत होता.

“आज्जा,” ती म्हणाली, “पाव्हण्यांचा जोडा ऱ्हायला की. हाक मारू का?”

वस्ताद रानातून जाणाऱ्या त्या पाठीकडं बघत होते. ती आता वीतभर उरली होती.

“राहू दे, हौसा,” ते म्हणाले. “लागला तर येईल.”